किंग क्रिमसनचा ‘रॅडिकल अ‍ॅक्शन’ संच: सात वादक, तीन ड्रमर आणि एक मोठी अनुपस्थिती

किंग क्रिमसन या इंग्लिश प्रोग्रेसिव्ह रॉक बँडचा ‘रॅडिकल अ‍ॅक्शन टू अनसीट द होल्ड ऑफ मंकी माइंड’ हा संच सप्टेंबर २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन सीडी आणि त्यांच्या जोडीला मैफलीचे चित्रीकरण असलेली ब्लू-रे असे त्याचे स्वरूप आहे. ध्वनिमुद्रण २०१५ साली जपान, कॅनडा आणि फ्रान्स येथे झालेल्या मैफलींमधले असून चित्रीकरण जपानमधील ताकामात्सु शहरातले आहे. या बँडच्या मैफलींची ध्वनिमुद्रणे इतकी निघालेली आहेत की नव्या श्रोत्याने सुरुवात कोठून करावी, या प्रश्नाचे उत्तर देताना जुने चाहतेही गडबडतात. त्या ढिगात हा संच मला वेगळा वाटतो, कारण ज्या बँडमध्ये १९६९ पासून शेवटपर्यंत टिकलेला माणूस फक्त एकच आहे, त्या बँडच्या परस्परांशी फारसा संबंध न ठेवणाऱ्या वादकसंचांचे संगीत येथे प्रथमच एका संचाच्या हातून, एका सलग भांडारासारखे वाजवले गेले आहे. ते सगळे भांडार येथे आलेले नाही, आणि जे आलेले नाही त्याविषयीही लिहिणे भाग आहे.

तो एक माणूस म्हणजे गिटारवादक रॉबर्ट फ्रिप. जानेवारी १९६९ मध्ये लंडनमधील फुलम पॅलेस रोडवरच्या एका उपाहारगृहाच्या तळघरात पहिली तालीम झाली, तेव्हा त्यांच्यासोबत गायक व बासवादक ग्रेग लेक, ड्रमर मायकेल जाइल्स, सॅक्सोफोन, बासरी आणि मेलोट्रॉन (ध्वनिफितींवर मुद्रित सूर वाजवणारे कीबोर्ड वाद्य) सांभाळणारे इयन मॅक्डॉनल्ड आणि गीतकार पीटर सिनफील्ड होते. त्याच वर्षी ५ जुलैला हाइड पार्कमध्ये रोलिंग स्टोन्सच्या मोफत मैफलीआधी हा बँड वाजला, ऑक्टोबरमध्ये पहिला अल्बम आला आणि डिसेंबरमध्ये, अमेरिकेचा दौरा चालू असतानाच, जाइल्स आणि मॅक्डॉनल्ड यांनी बाहेर पडण्याचा निर्णय घेतला. बँड टिकावा म्हणून आपणच बाजूला होतो, असे फ्रिप यांनी त्या दोघांना सुचवले होते. ते त्यांनी मानले नाही. पुढल्या वर्षी लेकही गेले आणि त्यांनी एमर्सन, लेक अँड पामर उभा केला. पहिला अल्बम बाजारात येऊन वर्ष उलटण्याआधी त्याच्या चार वादकांपैकी तीन गेलेले होते.

यानंतरची दोन-तीन वर्षे ही भरतीची वर्षे आहेत. ‘इन द वेक ऑफ पोसायडन’, ‘लिझर्ड’ आणि ‘आयलंड्स’ या तीन अल्बमांवर तीन वेगवेगळे मुख्य गायक आहेत, आणि ‘लिझर्ड’च्या एका भागात तर येस या दुसऱ्या बँडचे जॉन अँडरसन येऊन गाऊन गेले. ‘आयलंड्स’चे गायक बॉझ बरेल यांना बास वाजवायला फ्रिप यांनीच शिकवले. हा वादकसंच १९७२ साली फुटला, सिनफील्ड त्याआधीच दूर झाले होते, आणि पुन्हा एकटे फ्रिप उरले. मग येसमधून ड्रमर बिल ब्रुफर्ड, ‘फॅमिली’ या बँडमधून गायक व बासवादक जॉन वेटन, व्हायोलिनवादक डेव्हिड क्रॉस आणि कशावरही आघात करून त्यातून नाद काढणारे जेमी म्यूर असा पूर्णपणे निराळा संच उभा राहिला. म्यूर १९७३ च्या सुरुवातीलाच सगळे सोडून बौद्ध साधनेकडे वळले. क्रॉस यांची शेवटची मैफल १ जुलै १९७४ रोजी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये झाली, आणि सप्टेंबरमध्ये फ्रिप यांनी बँड संपल्याचे जाहीर केल्यानंतर काही दिवसांनी ‘रेड’ प्रसिद्ध झाला. अनेकांच्या, आणि माझ्याही मते, तो बँडचा सर्वोत्तम अल्बम आहे. १९८१ चा संच, १९९४ चा सहा जणांचा दुहेरी त्रिकूट संच, २००० चा चौघांचा संच या सगळ्यांची कथा अशीच सांगता येईल, पण ती इथे सविस्तर सांगण्याचे कारण नाही. महत्त्वाची गोष्ट एवढीच की यातल्या बहुतेक संचांनी आधीच्यांचे संगीत जवळपास टाकून दिले. १९८१ च्या संचाकडून ‘एपिटाफ’ ऐकायला मिळण्याची शक्यता नव्हती. जुने वाजवायचे तर नवा संच कशाला, अशी ती भूमिका होती, आणि वादकांची अदलाबदल ही या बँडच्या बाबतीत भांडणांचा परिणाम कमी आणि काम करण्याची पद्धत जास्त होती.

सगळ्या काळांना एका खोक्यात बसवण्याचा प्रयत्न याआधी झाला होता. १९९१ चा ‘फ्रेम बाय फ्रेम’ हा चार सीडींचा संच पुष्कळांकडे आहे. त्यात काही लांब रचना कापून आखूड केलेल्या आहेत, आणि त्याहून धक्कादायक म्हणजे ‘केडन्स अँड कॅस्केड’ या १९७० च्या गाण्यातला गॉर्डन हॅस्केल यांचा आवाज काढून त्या जागी १९८१ च्या संचाचे गायक एड्रियन बेल्यू यांचा आवाज घातला आहे, तर ‘लिझर्ड’मधल्या ‘बोलेरो’ या भागावर त्याच संचातले बासवादक टोनी लेव्हिन यांचा बास नव्याने चढवला आहे. नंतरच्या संचातली माणसे आधीच्या संचाच्या ध्वनिफितीत घुसवण्याचा हा प्रकार मला कधीच पटला नाही. जुने ध्वनिमुद्रण हा दस्तऐवज असतो. त्यात डागडुजी करून इतिहास सलग दिसू लागत नाही. ‘रॅडिकल अ‍ॅक्शन’चे मोल या पार्श्वभूमीवर कळते, कारण येथे दस्तऐवजांना हात न लावता रचना नव्याने वाजवल्या आहेत.

वाजवणारे सात जण कोण, हे पाहिले की या निवडीमागचा विचारही लक्षात येतो. फ्रिप यांच्याशिवाय मेल कॉलिन्स हे १९७० ते १९७२ या काळातले सॅक्सोफोन व बासरीवादक. त्यांनी ‘रेड’वरही पाहुणे म्हणून वाजवले, मधल्या काळात रोलिंग स्टोन्सच्या ‘मिस यू’मधला सॅक्सोफोन वाजवला आणि चार दशकांनी ते परत आले. टोनी लेव्हिन १९८१ च्या संचातले, ड्रमर पॅट मास्टलॉटो १९९४ च्या संचातले आणि ड्रमर गॅव्हिन हॅरिसन २००८ च्या छोट्या दौऱ्यातले. तिसरे ड्रमर बिल रीफ्लिन हे मिनिस्ट्री आणि आर.ई.एम. या बँडांसोबत वाजवलेले, येथे नवे. गायक व दुसरे गिटारवादक जॅको जॅक्सझिक यांची गोष्ट सर्वांत चमत्कारिक आहे: १९७१ साली शाळकरी वयात त्यांनी हा बँड प्रत्यक्ष ऐकला, पुढे त्यांनी मायकेल जाइल्स यांच्या मुलीशी लग्न केले आणि २००२ पासून बँडच्या जुन्या सदस्यांना घेऊन ‘ट्वेंटिफर्स्ट सेंच्युरी स्किझॉइड बँड’ या नावाने तेच जुने संगीत गायले. फ्रिप आणि कॉलिन्स यांच्यासोबत २०११ मध्ये त्यांनी ‘अ स्केर्सिटी ऑफ मिरकल्स’ हा अल्बम केला, त्यात लेव्हिन आणि हॅरिसन होतेच, आणि २०१३ मध्ये जाहीर झालेल्या नव्या किंग क्रिमसनचा गाभा तिथेच तयार झाला. म्हणजे १९७०, १९८१, १९९४ आणि २००८ या चार काळांचा एकेक माणूस मंचावर आहे, आणि गाण्याची बाजू ज्याने हे सगळे श्रोता म्हणून आत्मसात केले त्याच्याकडे आहे.

तीन ड्रमर मंचाच्या पुढच्या बाजूला आणि बाकीचे चौघे मागे उंचवट्यावर, अशी मांडणी फ्रिप यांनी केली. रॉक मैफलीत नेहमी मागे लपलेला ड्रमर इथे श्रोत्यासमोर येतो. आपल्याकडच्या ढोल-ताशा पथकाची सवय असलेल्या कानाला सुरुवातीला असे वाटेल की तीन ड्रमर म्हणजे तिप्पट आवाज, परंतु पथकात जसे अनेक ढोल एकच ठेका धरून ताकद वाढवतात तसे इथे क्वचितच होते. बहुतेक वेळा एक ताल तिघांत वाटून दिलेला असतो: हॅरिसन यांच्याकडे अचूक, कोरीव आघात, मास्टलॉटो यांच्याकडे इलेक्ट्रॉनिक पॅड, पत्रे, घंटा आणि जेमी म्यूर यांच्या वारशातल्या सगळ्या विचित्र वस्तू, आणि रीफ्लिन यांच्याकडे साधा, मोकळा ठोका, जो गरज पडेल तेव्हा थांबतो आणि ते कीबोर्डवर मेलोट्रॉनच्या सुरांकडे वळतात. चांगल्या हेडफोनवर ऐकल्यास डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे कोण काय करतो आहे ते सहज वेगळे काढता येते. ध्वनिमिश्रणाचे हे श्रेय मोठे आहे.

‘मेनली मेटल’ हे नाव दिलेली पहिली सीडी संचातली सर्वोत्तम आहे, आणि ती का, हे सांगण्यासाठी तिच्या क्रमाकडे पाहायला हवे. ती ‘लार्क्स टंग्ज इन अ‍ॅस्पिक’च्या पहिल्या भागाने सुरू होते आणि दुसऱ्या भागाने संपते, हे दोन्ही भाग १९७३ च्या अल्बमवर पहिल्या आणि शेवटच्या जागी होते. मध्ये कोठेतरी ‘लेव्हल फाइव्ह’ आहे, जी २००३ च्या ‘द पॉवर टू बिलीव्ह’वरची रचना असून ‘लार्क्स टंग्ज’ मालिकेचा पाचवा भाग मानली जाते. तिसरा भाग १९८४ मध्ये आणि चौथा २००० मध्ये येऊन गेला होता. तीस वर्षांत, तीन निरनिराळ्या वादकसंचांनी पुढे नेलेली एकच कल्पना इथे एका बैठकीत ऐकू येते. विषम मात्रांचे चक्र, त्याच्यावर घासून जाणारे गिटारचे कर्कश सूर आणि एकाएकी येणारी शांतता ही या बँडची खरी ओळख आहे, पहिल्या अल्बममधली मेलोट्रॉनची भव्यता नव्हे, हे माझे जुने मत या सीडीने पक्के केले. पहिल्या भागात १९७३ साली डेव्हिड क्रॉस यांच्या व्हायोलिनने केलेले काम इथे कॉलिन्स यांची बासरी करते. व्हायोलिनमधली ती चिरकी, ताणलेली अस्वस्थता बासरीत नाही, ती असूही शकत नाही. पण त्या बदल्यात मधला शांत भाग अधिक एकाकी होतो, आणि मला तो मूळ रूपाइतकाच आवडतो.

‘द कन्स्ट्रक्शन ऑफ लाइट’ या रचनेच्या बाबतीत तर मी नव्या रूपाला पसंती देईन. २००० च्या अल्बमवर ती काहीशी कोरडी, व्यायामासारखी वाटत असे. दोन गिटारांनी एकेक सूर आळीपाळीने वाजवून एकच सुरावट विणण्याची ती करामत कौतुकास्पद होती, पण तिच्यात श्वास नव्हता. इथे शब्द गाळले आहेत, वरून बासरी वाहते, आणि खालची वीण अचानक सुंदर दिसू लागते. याच सीडीवरच्या ‘रॅडिकल अ‍ॅक्शन’चे दोन भाग आणि ‘मेल्टडाउन’ या नव्या रचना आहेत. २००३ नंतर या बँडने स्टुडिओ अल्बम केलाच नाही, त्यामुळे नवे काही ऐकायचे तर ते मैफलीच्या ध्वनिमुद्रणांतच ऐकावे लागते. ‘मेल्टडाउन’ उत्तम आहे. ‘द लाइट ऑफ डे’ मात्र माझ्या सहनशक्तीची परीक्षा घेते. जॅक्सझिक यांची ती तरंगती, निराधार सुरावट दोन धारदार रचनांमध्ये ठेवण्याचा हेतू समजतो, पण परिणाम साधत नाही.

आता या संचाविषयी सर्वाधिक वाद ज्या गोष्टीवरून होतो त्याकडे वळू. मैफलीचे ध्वनिमुद्रण असूनही श्रोत्यांचा आवाज यातून काढून टाकला आहे. टाळ्या नाहीत, शिट्ट्या नाहीत, शेवटच्या सुरानंतर उसळणारा कल्लोळ नाही. ज्यांना मैफल म्हणजे वादक आणि श्रोता यांच्यातली देवघेव वाटते, त्यांना हे कृत्रिम वाटणार, आणि समेवर येणाऱ्या दादेवर वाढलेल्या मराठी श्रोत्याला तर ते अधिकच खटकेल. मलाही पहिल्या ऐकण्यात खटकले. पण या बँडने हे पहिल्यांदा केलेले नाही. १९७४ चा ‘स्टारलेस अँड बायबल ब्लॅक’ हा अल्बम स्टुडिओत झाला असे पुष्कळ जण समजत आले, परंतु त्यातल्या दोनच रचना पूर्णपणे स्टुडिओतल्या आहेत. बाकीचा बहुतांश भाग मैफलींमध्ये वाजवलेला असून टाळ्या तेव्हाच पुसून टाकल्या होत्या. मैफलीतली धग आणि स्टुडिओतली स्वच्छता या दोन्ही एकत्र हव्यात, हा फ्रिप यांचा हट्ट चाळीस वर्षे जुना आहे. मैफलीत छायाचित्रे आणि ध्वनिमुद्रण करू नये, असा आग्रह ते किती कडकपणे धरत हे सर्वश्रुत आहेच. शेवटी लेव्हिन स्वतःचा कॅमेरा उचलतील तेव्हाच श्रोत्यांनीही आपापले कॅमेरे बाहेर काढावेत, असा या दौऱ्यांचा रिवाज होता.

याच्या अगदी उलट टोकाला १९७२ चा ‘अर्थबाउंड’ आहे. तो कॅसेटवर मुद्रित झालेला, आवाजाच्या दृष्टीने इतका ओबडधोबड की अमेरिकेतल्या कंपनीने तो त्या वेळी बाजारात आणायचे नाकारले. तरीही त्याच्यातली रग ऐकून अंगावर काटा येतो. ‘रॅडिकल अ‍ॅक्शन’मध्ये तशी रग शोधू नये. येथे प्रत्येक आघात, प्रत्येक श्वास जागच्या जागी आहे, आणि एखाद्या ठिकाणी, विशेषतः दुसऱ्या सीडीवर, या नीटनेटकेपणाचे ओझे होते. तरीही रचना समजून घेण्यासाठी, तिचे थर मोजण्यासाठी, टाळ्यांचा अडथळा नसणे हे वरदानच आहे. श्रोत्यांसह झालेले त्याच संचाचे ध्वनिमुद्रण हवे असेल तर २०१४ च्या लॉस एंजेलिसमधल्या मैफलींवरचा ‘लाइव्ह अ‍ॅट द ऑर्फियम’ उपलब्ध आहे. तो लहान आहे आणि पहिल्या दौऱ्याचा बुजरेपणा त्यात जाणवतो.

‘ईझी मनी शॉट्स’ ही दुसरी सीडी मिश्र आहे. ‘पीस’ आणि ‘पिक्चर्स ऑफ अ सिटी’ या १९७० च्या ‘पोसायडन’वरच्या रचना, ‘द लेटर्स’ आणि ‘सेलर्स टेल’ या ‘आयलंड्स’वरच्या, १९७३ चे ‘ईझी मनी’, १९९० च्या दशकातला एकटा प्रतिनिधी म्हणून ‘व्रूम’, आणि मध्येमध्ये तिघा ड्रमरांसाठी लिहिलेले तुकडे. जो काळ बँडच्या इतिहासात सर्वांत दुर्लक्षित राहिला, म्हणजे १९७० ते १९७२, त्याला मिळालेला न्याय हे या सीडीचे यश आहे. त्या संचांना पुरेसा वेळच मिळाला नव्हता; वादक एकमेकांना ओळखू लागेपर्यंत पांगत होते. ‘सेलर्स टेल’मध्ये कॉलिन्स यांचा सॅक्सोफोन आणि फ्रिप यांची ती सपासप चालणारी गिटार पुन्हा समोरासमोर येते तेव्हा लक्षात येते की हे दोघे एका अर्धवट राहिलेल्या कामाकडे परतले आहेत. ‘पिक्चर्स ऑफ अ सिटी’ही मूळपेक्षा अधिक घट्ट आहे. ‘ईझी मनी’ मात्र वेटन यांच्या भसाड्या, थोड्याशा मस्तवाल आवाजाशिवाय पोकळ वाटते, आणि ‘सूटेबल ग्राउंड्स फॉर द ब्लूज’ ही नवी रचना मी आजवर पूर्ण लक्ष देऊन ऐकू शकलेलो नाही.

तिसऱ्या सीडीला ‘क्रिमसन क्लासिक्स’ असे नाव आहे आणि त्यात बहुसंख्य ग्राहकांना हव्या असलेल्या रचना आहेत: ‘रेड’, ‘वन मोर रेड नाइटमेअर’, ‘एपिटाफ’, ‘स्टारलेस’, ‘द कोर्ट ऑफ द क्रिमसन किंग’ आणि ‘ट्वेंटिफर्स्ट सेंच्युरी स्किझॉइड मॅन’. ‘रेड’ हा मुळात तिघांचा आवाज होता. फ्रिप, वेटन आणि ब्रुफर्ड यांच्यात आलेला ताण, तुटायला टेकलेल्या बँडचा तो करकरता जोर, सात जणांत विरतो. सगळे सूर आहेत, धोका नाही. ‘वन मोर रेड नाइटमेअर’च्या बाबतीतही तेच: ब्रुफर्ड यांनी कचऱ्यातून उचललेल्या वाकड्या झांजेचा तो पत्र्यासारखा खणखणाट मूळ गाण्याचा अर्धा प्राण आहे, आणि इथे त्याची काळजीपूर्वक केलेली आठवण तेवढी ऐकू येते.

‘स्टारलेस’ने मात्र सगळी कसर भरून काढली आहे. या गाण्याची मूळ चाल वेटन यांनी आणली तेव्हा फ्रिप आणि ब्रुफर्ड यांना ती पसंत पडली नव्हती. ते गाणे मागे पडले, त्याचे नाव दुसऱ्याच अल्बमला मिळाले आणि शेवटी ‘रेड’च्या अखेरीस त्याला जागा मिळाली. त्याचा मधला भाग तेरा मात्रांच्या चक्रावर फिरतो. बास खालून तीच आकृती पुन्हापुन्हा वाजवत राहतो, गिटार एकच सूर धरून बसते, मग हळूहळू वर सरकते, आणि ड्रमर कितीतरी वेळ जवळजवळ काहीच करत नाहीत. तीन ड्रमर असून त्यांनी इतका काळ हात आवरून धरणे, यात जे नाट्य आहे ते एका ड्रमरच्या मूळ रूपातही नाही. मात्रा मोजण्याची सवय असलेल्या श्रोत्याने इथे बोटांवर मोजून पाहावे. तेराव्या मात्रेनंतर पाय जमिनीवर टेकला असे वाटते आणि जमीन सरकलेली असते. शेवटच्या उद्रेकात सॅक्सोफोन वाजवणारे कॉलिन्स १९७४ च्या ध्वनिमुद्रणातही होते, त्यामुळे या रचनेपुरते तरी हे पुनर्वादन म्हणता येणार नाही. ‘स्किझॉइड मॅन’मध्ये हॅरिसन यांचे एकलवादन आहे; ते अद्भुत आहे आणि किंचित लांबले आहे.

जॅक्सझिक यांच्या गाण्याविषयी मतभेद होणारच. लेक यांचा भारदस्तपणा, बॉझ यांचा कोवळेपणा, वेटन यांची खरखर या सगळ्यांना एकट्याने उत्तर देणे कोणालाच साधले नसते. ते कोणाचीही नक्कल करत नाहीत, सूर शुद्ध लावतात आणि ‘एपिटाफ’मध्ये तर अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक उंची गाठतात. त्यांचा दोष असा की ते फार सभ्य गातात.

आणि इथेच ती अनुपस्थिती येते. एड्रियन बेल्यू हे १९८१ पासून २००८ पर्यंत या बँडचे गायक होते, म्हणजे इतर सर्व गायकांच्या एकत्रित काळापेक्षाही जास्त काळ. ‘डिसिप्लिन’, ‘बीट’ आणि ‘थ्री ऑफ अ परफेक्ट पेअर’ या १९८१ ते १९८४ मधल्या तीन अल्बमांमधली एकही रचना या संचात नाही. नव्या बँडमध्ये आपल्याला स्थान नाही हे २०१३ मध्ये बेल्यू यांना कळले तेव्हा त्यांनी आपली निराशा लपवली नव्हती. फ्रिप यांची बाजू समजण्यासारखी आहे: सॅक्सोफोन आणि तीन ड्रमर असलेल्या संचाला १९७० च्या दशकाचे भांडार अधिक जवळचे, आणि बेल्यू यांची गाणी त्यांच्या आवाजाला, त्यांच्या बोलण्याच्या लकबीला, त्यांच्या गिटारमधून निघणाऱ्या हत्तींच्या चीत्कारांना इतकी चिकटलेली की ती दुसऱ्याने वाजवणे अवघड. तरीही लेव्हिन मंचावर उभे आहेत, त्यांच्या हातात चॅपमन स्टिक हे बोटांनी ठोकून वाजवायचे तंतुवाद्य आहे, आणि ज्या संगीतासाठी ते वाद्य रॉकच्या श्रोत्यांना परिचित झाले ते संगीत मात्र नाही, हे कानाला सतत टोचत राहते. बँडची संपूर्ण कारकीर्द एका मंचावर आणल्याचा दावा कोणी केला तर त्याला एवढे उत्तर पुरेसे आहे.

ब्लू-रेवरील चित्रीकरण साधे आहे. कॅमेरे फिरत नाहीत, धावत नाहीत, सातही जण सूट किंवा वेस्टकोट घालून, एखाद्या चेंबर ऑर्केस्ट्राच्या शिस्तीत बसलेले दिसतात आणि फ्रिप नेहमीप्रमाणे स्टुलावर, एका कडेला. प्रकाशयोजनाही जवळपास स्थिर. अपवाद फक्त ‘स्टारलेस’चा, जिथे मंच हळूहळू लाल होत जातो. ताल तिघांत कसा वाटला गेला आहे हे डोळ्यांनी पाहणे हा स्वतंत्र आनंद आहे, आणि ज्याला ड्रम शिकायचे आहेत त्याने केवळ या चित्रीकरणासाठी संच घ्यावा असे मी म्हणेन. ज्याला ते नको, त्याने खोक्यासाठी खर्च करू नये. भारतात असा संच बहुधा बाहेरूनच मागवावा लागतो, टपालखर्च आणि सीमाशुल्क मूळ किमतीच्या जवळ जाऊ शकतात, आणि २०१९ पासून या बँडचे अल्बम स्ट्रीमिंगवर आलेले असल्यामुळे केवळ ओळख करून घ्यायला खोक्याची गरज उरलेली नाही. अगदी नव्या श्रोत्याने १९६९ चा पहिला अल्बम, ‘रेड’ आणि ‘डिसिप्लिन’ हे तीन ऐकल्याशिवाय इकडे येऊ नये. मूळ ठाऊक नसेल तर इथे काय बदलले आहे हे कळणार नाही आणि निम्मी मजा जाईल.

हाच बँड पुढे आणखी बदलला. रीफ्लिन काही काळ विश्रांतीवर गेले तेव्हा जेरेमी स्टेसी ड्रमवर आले, आणि २०१७ मध्ये रीफ्लिन कीबोर्डवादक म्हणून परतल्यावर सातांचे आठ झाले. रीफ्लिन यांचे २०२० मध्ये निधन झाले, आणि डिसेंबर २०२१ मध्ये टोकियोत शेवटची मैफल झाली. मधल्या काळात १९८० च्या दशकातली गाणीही हळूहळू भांडारात आली. ‘इनडिसिप्लिन’मध्ये बेल्यू जे बोलत असत ते जॅक्सझिक गाऊ लागले, आणि तो बदल मला पटला. ‘इनडिसिप्लिन’ आणि ‘न्यूरॉटिका’ या दोन्ही रचना असलेली, २०१७ च्या मैफलींवरची ‘लाइव्ह इन शिकागो’ आणि मेक्सिको सिटीतली ‘मेल्टडाउन’ अशी दोन प्रकाशने आहेत. आठ जणांचा तो संच अधिक मोकळा आहे, टाळ्याही आहेत, आणि एकच काहीतरी घ्यायचे असेल तर ‘मेल्टडाउन’ घेणे शहाणपणाचे ठरेल, कारण तिच्यासोबतही चित्रीकरण आहे. ‘रॅडिकल अ‍ॅक्शन’ घ्यावा तो पहिल्या सीडीसाठी आणि ‘स्टारलेस’साठी. १९८० च्या दशकातले संगीत त्याच्या मूळ कर्त्यांकडून ऐकायचे असेल त्यांच्यासाठी बेल्यू आणि लेव्हिन यांनी गिटारवादक स्टीव्ह व्हाय आणि ड्रमर डॅनी केरी यांना घेऊन २०२४ मध्ये ‘बीट’ या नावाने वेगळा बँडच उभा केला आहे.